खुंट्या ठोकण्याआधी नकाशा दाखवा

मा. संपादक,

शहापूर, मुरबाड, वाडा या पट्ट्यात नव्या अतिउच्चदाब वीजवाहिनीची आखणी सुरू झाली की ‘गावकऱ्यांचा विरोध’ अशी बातमी येते. पण वीज नको, असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघा-कळवा भागातल्या ४०० केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई ठप्प झाली. माझा पुतण्या रुग्णालयातल्या ड्यूटीवर निघाला होता, तो लोकलमध्ये अडकला. नव्या वाहिन्या का लागतात हे आम्हाला कळते.

माझ्या खाचरात टॉवर उभा राहून दहा पावसाळे झाले. बांधावर मार्गाच्या आखणीच्या लाल खुंट्या दिसल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळले. नोटीस त्यानंतर आली. तारा ओढायला माणसे उतरली तेव्हा भात पोटरीत होते, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. टॉवरच्या चार पायांमध्ये ट्रॅक्टर वळत नाही, तिथे अजून कुदळीने खणतो. पावसाळी हवेत तारा रात्रभर घूं घूं करतात. आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या वेळी ओल्या छत्रीची दांडी धरली की बोटांना झिणझिण्या येतात. यात धोका नाही असे नंतर सांगितले गेले. हेच कुणी आधी गावात येऊन समजावले असते तर आवणीच्या बाया त्या खाचरात उतरायला कचरल्या नसत्या.

पैसे मिळाले ते पायांखालच्या जागेचे आणि तोडलेल्या आंब्यांचे. तारांखालच्या पट्ट्याचे काहीच नाही. ४०० केव्हीच्या वाहिनीला साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. शंभर मीटर लांब शेतावरून ती गेली तरी ४५ गुंठे अडकले, म्हणजे एकराहून जास्त. तिथे घर बांधता येत नाही, आंबा-साग लावता येत नाही, गिऱ्हाईक तर फिरकतही नाही. आणि हे भूसंपादन नव्हे! २००३ च्या वीज कायद्याने पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या) कंपन्यांना १८८५ च्या तार कायद्यातले, जमीन विकत न घेता तिच्यावरून तारा नेण्याचे अधिकार देता येतात. त्यामुळे सातबारा आमच्याच नावावर राहतो, पण संमती कुणी विचारत नाही.

केंद्राने जून २०२४ मध्ये मोबदला वाढवला हे चांगलेच झाले. टॉवरच्या पायथ्याला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असे त्यात आहे. पण किंमत रेडीरेकनरची (सरकारी दरपत्रकाची) धरायची की बाजारभावाची, यावरच घोडे अडते.

वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून मुंबईतल्या आरेपर्यंतची ८० किलोमीटरची वाहिनी ५० किलोमीटर जमिनीखालून नेली आहे. जमिनीखालून न्यायला खर्च कितीतरी पट जास्त येतो, म्हणून सगळीकडे तसेच करा असा माझा हट्ट नाही. पण शहरातली जागेची अडचण जशी मोजली जाते तशी आमच्या दोन-तीन एकरांचीही मोजावी. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणे आमच्याच शहापूर तालुक्यातली, तरी उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात. मुंबईसाठी आणखी काही द्यायचे म्हटले की लोक बिथरतात ते त्यामुळे.

मार्ग बांधाबांधाने सरकवता येतो, वरकस (भात न पिकणाऱ्या हलक्या) जमिनीवरून नेता येतो; पण कागदावर असतानाच, पाया खणल्यावर नाही. म्हणून खुंट्या ठोकण्याआधी कंपनीच्या आणि प्रांत कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी गटनंबर घातलेला नकाशा आणि मोबदल्याचा दर घेऊन ग्रामसभेत यावे. आम्ही सातबारे घेऊन बसतो.

— एक भातशेतकरी, ता. शहापूर, जि. ठाणे