आधी जेवा, मग बोला

सोलापूर

प्रिय मित्रा,
जय ख्रिस्त.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या मंडळीत नवखी, परगावची माणसं येऊ लागलीत, म्हणून स्वागत समिती नेमलीय आणि ती तुझ्या गळ्यात पडलीय. काय काय करावं, असं विचारलंस. सल्ला द्यायची माझी योग्यता नाही, पण यंदा पावसाळ्यात इथे जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जूनपासून एक आजी उपासनेला येऊ लागल्या. सेटलमेंटमध्ये राहणाऱ्या, पारधी समाजातल्या. सोबत सहा-सात वर्षांची नात. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायच्या आणि आशीर्वाद होताच उठून जायच्या. आम्ही दर रविवारी 'या, बसा' म्हणून हातात गीतपुस्तक द्यायचो. आजींना वाचता येत नाही, हे आमच्या लक्षात यायला महिना गेला.

मग एका रविवारी कुणाची तरी पर्स सापडेना. कुणी चकार शब्द काढला नाही, नुसत्या माना मागे वळल्या. आणि मी, शेजारी बाकावर ठेवलेली माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली. आजींनी ते पाहिलं. पर्स हार्मोनियमच्या पेटीमागे पडलेली निघाली, पण तोवर आजी आणि नात निघून गेल्या होत्या. पुढचे दोन रविवार तो बाक रिकामा राहिला.

तुला सेटलमेंट आठवतं ना? लहानपणी तिकडे फिरकायचं नाही, एवढंच आपल्याला सांगितलेलं. का, ते कुणी सांगितलं नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं, तेच हे सेटलमेंट. रोजची हजेरी, बाहेर जायचं तर परवाना. पोटासाठी गिरणीत राबायचं आणि परत कुंपणात यायचं. काही काळ या वसाहतीचा कारभार आपल्याच अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा, दवाखाने काढणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आदर आहे, तरी हे मनातून जात नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला. तारा निघाल्या. माझ्या मांडीवरची पिशवी मात्र या वर्षीची आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. बिस्किटांचे पुडे घेतले होते. माफी मागायची आणि निघायचं, असं ठरवून गेलो होतो. आजी म्हणाल्या, "आधी जेवा." मी सवयीने म्हणालो, "नको, घरून जेवून आलोय." ते खोटं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आमच्या हातचं चालत नाही का?"

मी खाली बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा. नातीने बोटाने चटणीत खळगा केला आणि त्यात तेल ओतलं, सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून. घास हातात होता तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवशी पिशवी उचलली, ते चुकलं माझं." आजी म्हणाल्या, "बघितलं होतं मी. जेवा." आणि अजून एक भाकरी वाढली.

बायबलातल्या जक्कयाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत किती वेळा ऐकली! तो बुटका जकातदार उंबराच्या झाडावर चढला, एवढंच माझ्या ध्यानात राहिलेलं. परत वाचली तेव्हा दिसलं, प्रभूने त्याला आपल्याकडे बोलावलं नाही. 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' म्हणाला. जक्कयाने अजून पश्चात्तापाचा शब्दही काढला नव्हता. चौपट परत करण्याची भाषा नंतरची, प्रभू घरी यायला निघाल्यावरची. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. यापोत तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे राहिला, तिथून कैसरियाला कर्नेल्य या रोमी, म्हणजे यहुद्यांना परक्या, अधिकाऱ्याच्या घरी गेला. यरुशलेमेत त्याला जाब विचारला गेला तो प्रवचनाबद्दल नव्हे. परक्यांच्या घरात जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास, हा त्याचा गुन्हा. रोटीव्यवहाराची मेख आपल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको.

आम्ही दारात उभे राहून स्वागत करत होतो. पण दार आमचं, बाक आमचे, पुस्तक आमचं, देणारा हातही आमचाच. आजींकडून घ्यावं असं काही असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या समितीने चहा-बिस्किटं जरूर ठेवावीत. पण त्या नव्या माणसांच्या घरी तू स्वतः जा आणि ते ताटात वाढतील ते खा.

आजी पुन्हा येऊ लागल्यात. बसतात अजून शेवटच्याच बाकावर. मी त्यांना पुढे बोलावलं नाही. मीच मागे जाऊन बसतो आणि गीताची ओळ आधी हळू म्हणतो, म्हणजे त्यांना धरता येते. नात मात्र आता पुस्तकातली अक्षरं लावू लागलीय.

नाताळात तू येणार आहेस, हे मी आजींना सांगितलंय. त्यांनी आपल्या दोघांना जेवायला बोलावलंय. आणि बजावलंय, काही आणायचं नाही, रिकाम्या हाताने यायचं.

तुझाच,
जुना मित्र