सूचना : रविवारी जुन्या फर्निचरचं काम

सदस्यांनो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या पडवीत जमायचं आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा घरच्या माळ्यावरून काही आणणार असाल तर आधी उलटं करून पाहा. बारीक भोकांखाली पिठासारखा भुगा सांडत असेल तर लाकडाला कीड आहे. अशी वस्तू कृपया इतरांच्या सामानाजवळ ठेवू नका, आधी कळवा. १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर आपापला आणावा. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच.

लाखेचं पॉलिश मात्र पाऊस सरेपर्यंत नको. दमट हवेत ते पांढुरकं पडतं. आजीच्या पेटीवरचं असंच मला सगळं खरवडून काढावं लागलं, फार हळहळ वाटली. करवंट्यांचे दिवेही करायचे आहेत, त्यासाठीच्या करवंट्या शेंड्या काढूनच आणा.