'रोज चालणे' हे प्रिस्क्रिप्शन नव्हे

संपादक महोदय,

हृदयाच्या बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर प्रत्येक गोळीची मात्रा आणि वेळ असते. व्यायामापुढे मात्र बहुतेक वेळा 'रोज चालणे' एवढंच. किती जोरात, ते नसतं. मग रुग्ण आरोग्य पुरवण्यांतलं कमाल नाडीचं '२२० वजा वय' हे सूत्र धरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

अशा बऱ्याच रुग्णांना बीटा ब्लॉकर हे हृदयाचे ठोके कमी ठेवणारं औषध सुरू असतं आणि ते नाडी फार वाढूच देत नाही. समजा, वय ६०. सूत्रानं कमाल नाडी १६०, तिचे ७० टक्के ११२, हे त्याचं लक्ष्य. पण ट्रेडमिल टेस्टमध्ये याच माणसाची नाडी १२२ च्या वर जात नाही आणि बसल्याजागी ती ६६ असते. म्हणजे वाढायला जागा ५६ ठोक्यांचीच. तिचे ४० ते ६० टक्के ६६ मध्ये मिळवले की ८८ ते १०० हा त्याचा मध्यम व्यायामाचा पट्टा. ११२ गाठायला गेला, तर तो या जागेच्या ८२ टक्क्यांवर पोचलेला असतो आणि समजत असतो की आपण बेतानंच चाललोय! म्हणून ही टेस्ट नेहमीच्या गोळ्या घेऊनच व्हावी आणि डोस बदलला की पट्टा पुन्हा काढावा.

पहिल्या काही आठवड्यांत टेस्ट झालेली नसते. तेव्हा बसल्याजागीच्या नाडीपेक्षा २० ते ३० ठोके जास्त, ही मर्यादा ठेवतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर नाडी मुळातच जलद असते. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर मनगटावरच्या घड्याळाचा आकडाही भरवशाचा नाही. अशा वेळी, आपल्याला किती कष्ट जाणवतात ते अंकात सांगणारं बोर्ग स्केल उपयोगी पडतं. ६ ते २० अंकांच्या या मोजपट्टीवर ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडं कष्टाचं. सुरुवात याच दरम्यान हवी. आणखी सोपी खूण: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. वाक्य मध्येच श्वासासाठी तुटलं, की वेग कमी करावा.

याची दुसरी बाजूही तितकीच काळजीची आहे. घरच्यांच्या धास्तीनं कित्येक जण महिनोन्महिने रेंगाळतच चालतात आणि दम काही वाढत नाही. पट्टा लेखी असेल, तर ही भीती बरीच कमी होते. चार-चार मिनिटांच्या जोरकस फेऱ्यांचा इंटरव्हल व्यायाम मात्र टेस्टनंतर, तोही देखरेखीखालीच.

व्यायाम एकदम थांबवणं हीसुद्धा नेहमीची चूक. रक्त पायांत साचतं, दाब घसरतो, चक्कर येते. सुरुवातीला आणि शेवटी ५ ते १० मिनिटं अगदी हळू चालायलाच हवं.

त्या कागदावर नाडीचा पट्टा, बोर्गचा अंक, मिनिटं आणि आठवड्यातले दिवस लिहून मिळावेत, ही सर्व हृदयशल्य विभागांना कळकळीची विनंती. खाली आणखी एक ओळ हवी: छातीत दुखणं किंवा दाब, चक्कर, अचानक धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच थांबा, आणि बसूनही कमी होत नसेल तर तातडीनं दवाखाना गाठा. छातीच्या हाडात 'कट्कट्' असा आवाज जाणवला, तर व्यायाम बंद ठेवून सर्जनना दाखवा.

– हृदय पुनर्वसन क्षेत्रातील एक फिजिओथेरपिस्ट