प्रदर्शनात साडी आहे, माग कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणांचे दिवस जवळ आले की नागपुरात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि चित्रे, दागिने, साड्या व खाद्यपदार्थ एकाच छताखाली मांडून ‘विदर्भाची परंपरा’ अशी जाहिरात होते. पोळ्याआधीच्या शनिवार-रविवारी माझी पुण्याची भाची दोन मैत्रिणींना घेऊन अशीच एक जाहिरात वाचून आली. दोन दिवसांत काही चांगले पाहावे, खावे आणि एक करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दात विणलेली साडी, घेऊन जावे, एवढाच तिघींचा बेत होता.

प्रदर्शनात विक्रेत्या मुलीने करवतकाठी म्हणून उलगडलेल्या साडीच्या काठावर दात होते खरे. पण मी काठ उलटून पाहिला, तर मागची बाजू जवळजवळ कोरी. दात छापलेले होते. माझे बालपण गोळीबार चौकाजवळ, कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या, घरात गेले, म्हणून हे चटकन लक्षात आले. खऱ्या करवतकाठीत अंगाचा आडवा धागा वेगळा आणि दोन्ही काठांचे वेगळे असतात. त्यासाठी विणकर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवतो आणि प्रत्येक ओळीला अंगाचा व काठाचा धागा एकमेकांत गुंतवत जातो, त्यामुळे काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अंगाचा कोसा, म्हणजे रानरेशीम, पूर्व विदर्भाच्या जंगलातला, ऐनाच्या झाडावर ढीवर कुटुंबांनी वाढवलेल्या किड्यांचा. या साडीला भौगोलिक मानांकन आहे. त्या मुलीचा दोष नाही. तिला माल जसा सांगून दिला, तसा ती विकत होती. आयोजकांनी मात्र विचारायला हवे होते.

खाण्याच्या बाजूला मोमो आणि पास्ता यांच्यामध्ये ‘सावजी’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली लाल तेलाने झाकलेला एक रस्सा. सावजी म्हणजे नुसता जाळ नव्हे, हे बाहेरच्यांना सांगून आम्ही थकलो, आता शहरातल्यांनाही सांगावे लागते. जवसाचे तेल, खसखस, भाजलेले सुके खोबरे, दगडफूल हे सारे पाट्यावर वाटले जाई, तेव्हा त्या रश्श्याला अंग येई. हा स्वयंपाक ज्या हलबा-कोष्टी घरांतून आला, त्याच घरांच्या ओसरीत माग होते. म्हणजे साडी आणि रस्सा एकाच उंबरठ्याच्या आतले. प्रदर्शनात मात्र त्यांची ओळखदेख नव्हती, कारण ज्या घरातून दोन्ही आले त्या घरातले कोणीच तिथे नव्हते.

रविवारी प्रदर्शन सोडून आम्ही सीताबर्डीहून मेट्रोने मूर्तिकारांच्या चितारओळी चौकात उतरलो. गणपती तोंडावर आले होते. एका मूर्तिकाराने सोंडेवर शेवटचा हात फिरवताना मुलींना बाजूला बसवून घेतले आणि डोळे सर्वांत शेवटी का रंगवतात, ते सांगितले. तिकीट नव्हते. परतताना अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, दोन तास गेले. प्रदर्शनाच्या पत्रकात या दोन्ही ठिकाणांचा उल्लेखही नव्हता.

आयोजकांना माझी विनंती आहे की, परंपरेचे नाव जाहिरातीत वापरायचे असेल तर निदान एक माग मांडावा आणि विणकराला त्या दिवसांची मजुरी व प्रवासखर्च द्यावा. जमिनीत खड्डा करून बसवलेला खड्डामाग उचलून आणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. चौकटीचा माग मात्र टेम्पोतून येतो. कारागिरांना स्वतः बसवणे अवघड आहे, असे कोणी म्हणू नये. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तशिल्प मेळ्यात ते बसतात. सावजीचा एक गाळा कोष्टी वस्तीतल्या बायकांना बिनभाड्याने द्यावा. आणि पाहुण्यांसाठी दुसऱ्या दिवशी बस काढायचीच असेल, तर ती इतवारी-गोळीबार चौकातून फिरवावी, किंवा वर्ध्याला १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयापर्यंत न्यावी, जिथे चरखे आणि खादी दोन्ही पाहायला मिळतात.

भाची साडी न घेताच परतली. दिवाळीत ती पुन्हा येणार आहे. तोपर्यंत एखाद्या आयोजकाने माग मांडायचे ठरवले, तर विणकराशी गाठ घालून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर