कन्सोल घेण्याआधी टीव्हीच्या मागे डोकवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेम कन्सोलची (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांची) तुलना करणारा तक्ता आला होता. किंमत, स्टोरेज आणि ‘४के आहे की नाही’, असे तीन रकाने. तक्त्यात चूक काही नव्हती, पण तो कापून खिशात घालून दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, म्हणून हा पत्रप्रपंच. मी सांगलीत टीव्ही बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. कन्सोल विकत नाही, त्यामुळे कुठला खपला तरी मला सारखंच.

आधी ४के. कन्सोल कितीही भारी घ्या, चित्र दिसणार ते टीव्हीवरच. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. ४केला ३८४० बाय २१६० लागतात. म्हणजे ४केच्या आठ ठिपक्यांतले सात तिथे वायाच. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस मुळात १४४०पी (उभे १४४० ठिपके) डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, सिरीज एक्स ४केसाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याकडे आले तेव्हा एस ३४,९९० आणि एक्स ४९,९९० रुपयांना होता. घरी फुल एचडी (उभे १०८० ठिपके) टीव्ही आहे आणि लवकर बदलायचा नाही, तर फक्त ४केच्या नावाखाली वरचे १५,००० कशाला घालवायचे? आणि ४के टीव्ही असला तरी सेकंदाला १२० फ्रेमचं (चित्रांचं) ४के हवं असेल, तर टीव्हीला एचडीएमआय (कन्सोलची केबल लावायची जोडणी) २.१ लागतं. साध्या बजेटच्या टीव्हीत ते सहसा नसतं. सोनीच्या पीएस५च्या (प्लेस्टेशन ५) खोक्यावर तर सुरुवातीला ८केचाही (४केच्या चौपट ठिपके) शिक्का होता. २०२४ मध्ये तो गुपचूप उडाला.

जाता जाता कामाचं एक सांगतो. पुष्कळ टीव्हींमध्ये एचडीएमआयचं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग बंदच असतं. ते चालू केल्याशिवाय एचडीआर (उजेड-अंधारातले बारकावे जास्त दाखवणारं चित्र) मिळत नाही. मला बोलावण्याआधी तेवढं बघा, माझी फेरी आणि तुमचे पैसे वाचतील.

खरा घोळ आहे स्टोरेजमध्ये. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेल्या सिरीज एसमध्ये गेमसाठी हाती येतात सुमारे ३६४. पहिल्या पीएस५चे ८२५ प्रत्यक्षात ६६७ भरतात. बाकीची जागा सिस्टीम घेते. मोठा गेम सहज १०० जीबीच्या पुढे जातो, म्हणजे एसमध्ये असे तीनच मावले. ‘बाहेरून हार्ड डिस्क लावू की,’ असं एका गिऱ्हाइकाचं म्हणणं. लावता येते, पण या पिढीचे, म्हणजे पीएस५ आणि सिरीज एस-एक्ससाठी बनवलेले, गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, तिच्यावरून खेळता येत नाहीत. खेळायचा झाला की आत हलवा. पीएस५मध्ये आतली जागा वाढवायला बाजारातली साधी एम.२ एसएसडी (आत बसवायची वेगवान स्टोरेजची पट्टी) चालते (सोनीच्या नियमात बसणारी हवी), एक्सबॉक्सला मात्र त्याचंच खास कार्ड लागतं. हा फरक किमतीच्या रकान्यात कुठे दिसतो?

डिस्कचंही तसंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल (बिनडिस्कचा) ३९,९९० होता. २०२४च्या स्लिममध्ये (पीएस५च्या लहान आवृत्तीत) आकडे ५४,९९० आणि ४४,९९० झाले, अंतर तेच १०,०००. डिस्क असली म्हणून जागा वाचत नाही, गेम आत उतरवावाच लागतो. पण डिस्क मित्राकडून आणता येते, खेळून झाली की विकता येते. डिजिटलवाल्याला कंपनीच्या दुकानाशिवाय दुसरं दुकान नाही. माझ्या भाच्याला विक्रेत्यानं स्वस्त म्हणून बिनडिस्कचा गळ्यात मारला. घरचं नेट ३० एमबीपीएसचं, १०० जीबीचा गेम उतरायला साडेसात तास. त्यात मध्येच लाइट गेली की पोराचा चेहरा बघवत नाही.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा ‘गेमसाठी उरणारी जागा’ आणि ‘कुठल्या टीव्हीला’ असे दोन रकाने वाढवा, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर रंगीत फोटो जरा लहान करा.

आपला नियमित वाचक,
एक टीव्ही मेकॅनिक, सांगली