डायनामोच्या प्लेटमागच्या पांढऱ्या पेस्टबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका यांस,
सादर नमस्कार.

गेल्या वैशाखात आपण आमच्या जुन्या डिझेल जीपचा डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) दुरुस्त करून दिलात, त्याला आता वर्ष होत आले. त्याआधीच्या सहा महिन्यांत दोन रेक्टिफायर प्लेटा, म्हणजे एसी वीज डीसी करणाऱ्या डायोडांच्या प्लेटा, जळाल्या होत्या आणि दोन्ही वेळा दुसरीकडे ‘माल हलका निघाला’ एवढेच ऐकायला मिळाले होते.

आपण मात्र जळालेली प्लेट उलटी करून उजेडात धरलीत. तिची पाठ कोरडी ठणठणीत होती. स्क्रूंच्या भोवती तेवढी घासल्याची चमक होती, बाकीचा भाग डायनामोच्या बॉडीला नीट टेकलाच नव्हता. डायनामोत तयार होणारी एसी वीज डीसी होताना करंट एका वेळी दोन डायोडांतून जातो आणि प्रत्येकात सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे ५० अँपिअरला जवळपास १०० वॅट उष्णता एवढ्याशा प्लेटीत साठते, हे आपण हातातले काम थांबवून समजावलेत. ती उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत उतरायला हवी. पण सपाट दिसणाऱ्या दोन धातूंमध्येही बारीक फटी राहतात आणि त्यांतली हवा तिला अडवते.

त्या फटी भरण्यासाठीच ती पांढरी थर्मल पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलच्या फडक्याने पुसून, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आपण ती इतकी पातळ ओढलीत की खालचा धातू दिसत होता. मी आणखी लावायला सांगितले, तेव्हा ‘जास्त झाली तर तीच आडवी येते’ असे म्हणून आपण थांबवलेत, आणि ते खरेच आहे, कारण पेस्ट हवेपेक्षा सरस असली तरी धातूइतकी उष्णता वाहून नेत नाही. तिच्यातून वीजही जात नसल्याने अर्थिंगच्या स्क्रूंची बैठक आपण घासून लख्ख केलीत. हेडलाइट लावून मीटर धरला, तेव्हा १४.२ व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जिंग नीट होत होते.

त्या कामाचे आपण फक्त मजुरीचे पैसे घेतलेत. समजावून सांगितलेत त्याचे मोल मी देऊ शकलो नाही, म्हणून हे जाहीर आभार. उरलेली पेस्ट आपण गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून दिली होती. परवा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या डायनामोला तीच लावून घेतली, आणि प्लेट बसवण्याआधी ती उलटून पाहण्याचा आग्रह मी धरला.

आपला कृतज्ञ,
एक जीपमालक