तळं एकाचं, पाणी सत्तावीस एकरांचं

माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

विषय शेततळ्यांचा आहे, तरी पत्र कृषिमंत्र्यांऐवजी आपल्याला लिहीत आहोत. भूजल यंत्रणा आपल्या खात्याकडे आहे आणि मार्च उजाडला की टँकरचे प्रस्तावही आपल्याकडेच येतात.

३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. ते पावसाचं, वाहून जाणारं असावं ही मूळ कल्पना. पण प्लास्टिक अंथरलेली अनेक तळी पाऊस सरल्यावर बोअरच्या पाण्यानं भरली जातात. आपल्याकडच्या मुरूम आणि मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र) खडकातून उपशाला मिळणारं पाणी त्या थराच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के असतं. या हिशेबानं एक तळं भरायला सुमारे २७ एकरांखालची पातळी एक मीटरनं उतरते. तळं एकाचं; त्या २७ एकरांत खातेदार आठ-दहा.

पुढे खडकाच्या सावलीतलं ते पाणी उन्हात येतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी भरल्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर उडून जातं. माणशी ५५ लिटर या आपल्याच निकषानं ते १३० माणसांचं रोजचं पाणी आहे.

बोअर ५०० फूट असला तरी पाणी ५०० फुटांवरचंच असतं असं नाही. केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवलेला पाइप, मुरमापुरतं, २०-४० फूट. त्याखाली भोक उघडं. वरच्या भेगांमधलं, शेजारच्या विहिरीला मिळालं असतं ते पाणी त्या भोकातून खाली उतरतं, आणि पंप बंद असतानाही उतरत राहतं. शेजाऱ्याची ४० फुटी विहीर आटते ती अशी. मग तोही बोअर घेतो, आणखी खोल.

विजेचंही तेच. पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर १५० मीटरवरून तळं भरायला सुमारे २,२०० युनिट लागतात. १२ मीटरच्या विहिरीतून १८०. साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ असल्यानं हा फरक उपसणाऱ्याला जाणवतच नाही. तो महावितरणच्या आणि शासनाच्या खात्यावर पडतो, तसा टँकर गावाच्या वाट्याला येतो.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग उभी असताना आपण थांबलो तर शेजारी उपसणार, हे त्याला ठाऊक आहे. एकट्यानं संयम पाळला तर बाग जाते आणि पाणीही वाचत नाही. म्हणून नियम सगळ्यांना एकदमच लागू व्हावा लागतो. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर न घेण्याचं ठरवलं ते गावानं मिळून.

अनुदान तर उलट्या दिशेनं वाहतं आहे. अस्तराच्या तळ्याचा फायदा मालकाला, त्याला अनुदान. माथ्यावरच्या शेतात कुणी पुनर्भरण चर, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा चर, खोदला तर पाणी उताराखालच्या विहिरींना लागतं. खर्च आणि अडकलेली जमीन मात्र त्याची. ज्या कामाचा लाभ दुसऱ्यांना होतो त्याचा पूर्ण खर्च शासनानं द्यावा, जमिनीचा मोबदलाही द्यावा, आणि तो पैसा बोअरवर भरणाऱ्या तळ्यांच्या अनुदानातून काढावा.

तपासणी अवघड नाही. ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारीत त्याच जागेवरून तळ्याचे दोन फोटो घ्या. वापर आणि बाष्पीभवनानं पातळी खालीच जायला हवी. नाला कोरडा असताना ती वर गेली असेल, तर पाणी पंपाचं. भर पावसाळ्यात उघडी विहीर काठोकाठ असताना तिच्यातून तळं भरायला मात्र हरकत नसावी, ते पाणी नाहीतरी ओढ्यालाच जातं.

दुसरं, २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलं आहे आणि अधिसूचित क्षेत्रात (भूजल जपण्यासाठी शासनानं जाहीर केलेल्या भागात) शेती-उद्योगासाठी तिला मनाई आहे. अंमल शेताच्या बांधावर होणार नाही, बोअरच्या गाडीवर होईल. विहिरी लाखो आहेत, गाड्या मोजक्या. प्रत्येक गाडीनं खोली, केसिंगची लांबी आणि पाणी लागलेले थर त्याच दिवशी नोंदवल्याशिवाय तिची नोंदणी पुढे चालू ठेवू नये. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर न घेण्याची अटही याच नोंदीतून तपासता येईल.

भूजल यंत्रणा ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजतेच. ते आकडे नोव्हेंबरच्या ग्रामसभेत, तळी भरणं सुरू होण्याआधी, गावाच्या फळ्यावर लागावेत. पहिला आदेश एवढाच निघाला तरी चालेल.

आपले,
भूजल आणि पाणलोटाचं काम करणारे